यादीबाहेरचं शोधताना: कलेनं भरलेल्या जागा आणि लक्षात राहणारी रेस्टॉरंट

कुठल्याही शहराचं नाव टाकून पुढे 'बघण्यासारखी ठिकाणं' लिहिलं की तीच दहा नावं समोर येतात. याद्या लिहिणारे एकमेकांच्या याद्या वाचून लिहितात, त्यामुळे यादी लांबली तरी नवं काही हाती लागत नाही. म्हणून आधी प्रश्न बदलायचा. 'इथं काय बघावं' असं शोधण्याऐवजी 'इथं कोणी काय करून ठेवलंय, आणि आता ते कोण सांभाळतंय' असं शोधायचं. रेस्टॉरंटलाही हाच प्रश्न लागू पडतो. करणारा आणि सांभाळणारा माणूस सापडला की जागेची खरी माहिती, वेळा आणि आत शिरायचा रस्ता बहुतेक वेळा त्याच्यामागोमाग मिळतो.

पहिली पायरी: आपण नेमकं काय शोधतोय

'वेगळी जागा' म्हणून शोधलं तर सेल्फी काढायला बांधलेली रंगीत दुकानं मिळतात. प्रकार ठरवून शोधा.

सगळ्यात भन्नाट प्रकार एकहाती बांधलेल्या जागांचा. फ्रान्समधल्या ओतरीव गावी फेर्दिनां शेव्हाल नावाचा पोस्टमन होता. १८७९ मध्ये टपाल वाटताना तो एका विचित्र आकाराच्या दगडाला ठेचकाळला. मग रोजच्या फेरीत दगड गोळा करत त्यानं ३३ वर्षांत, म्हणजे १९१२ पर्यंत, एक आख्खा महाल उभा केला. १९६९ मध्ये सरकारनं त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. लॉस एंजेलिसमधले वॉट्स टॉवर्स सायमन रोडियानं १९२१ ते १९५४ या काळात एकट्यानं उभारले: लोखंडी सळया, जाळी, सिमेंट आणि त्यात बसवलेले बाटल्यांचे, कपबशांचे तुकडे. चंदीगडचं रॉक गार्डन तर रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी सरकारी जमिनीवर कोणाला पत्ता लागू न देता रचलं, आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

अशा कामांना 'आउटसायडर आर्ट' किंवा 'आर्ट ब्रूट' म्हणतात. दुसरा शब्द फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफेनं १९४५ मध्ये रूढ केला. या दोन शब्दांपुढे देशाचं किंवा प्रांताचं नाव जोडून शोधा. त्यानं भागलं नाही तर स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आर्ट ब्रूट संग्रहालयाकडे वळा. ते १९७६ पासून चालू आहे. त्यांच्या संग्रहातल्या कलाकारांची गावं बघितली तर कधीकधी त्या गावात घर, बाग किंवा भिंत अजून उभी असल्याचं कळतं.

दुसरा प्रकार कलाकाराच्या किंवा संग्राहकाच्या घराचा. लंडनमधलं सर जॉन सोन यांचं घर याचा उत्तम नमुना. या वास्तुविशारदानं १८३३ मध्ये संसदेकडून खास कायदाच करून घेतला, की आपल्यामागं घर आहे तसंच राहील. तिसरा प्रकार उघड्यावरच्या कलेचा: शिल्पबागा, बेटं, माळरानं. चौथा, आणि सगळ्यात दुर्लक्षित, रोजच्या वापरातल्या जागांचा: मेट्रो, प्रार्थनास्थळं, विद्यापीठं, सरकारी कचेऱ्या. स्टॉकहोमच्या मेट्रोत १०० स्टेशनं आहेत आणि त्यातल्या ९० हून जास्त स्टेशनांवर कलाकृती आहेत. एका तिकिटात दुपार सार्थकी लागते. टी-सेंट्रालेनच्या निळ्या लाइनच्या फलाटापासून सुरुवात करा, तिथलं खडकाचं छत निळ्या-पांढऱ्या वेलींनी रंगवलेलं आहे. मग त्याच लाइननं सोल्ना सेंट्रुमचं लालभडक छत गाठा.

विद्यापीठांबद्दल एक उपयोगी गोष्ट. बऱ्याच देशांत सरकारी इमारत बांधताना खर्चाचा साधारण एक टक्का कलेसाठी ठेवण्याचा नियम आहे. फ्रान्समध्ये तो १९५१ पासून शाळा-कॉलेजांना लागू झाला. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातला कॅम्पस दिसायला कितीही रुक्ष असला तरी आत भित्तिचित्रं आणि शिल्पं असण्याची शक्यता दांडगी. विद्यापीठाचं नाव, 'शिल्पं' आणि 'नकाशा' असं एकत्र शोधा. अनेक विद्यापीठं असा नकाशा स्वतःच देतात.

दुसरी पायरी: शोध कसा घ्यायचा

निघायच्या दोन-तीन महिने आधी बसा. एक संध्याकाळ पुरते.

१. शोधशब्द तिथल्या भाषेत टाका. भाषांतराचं अ‍ॅप वापरून 'शिल्पबाग', 'कलाकाराचं घर', 'मोझाइक घर', 'भित्तिचित्रं', 'स्वतः बांधलेलं घर' हे पाच शब्द करून घ्या आणि प्रत्येकापुढे शहराचं नाही, जिल्ह्याचं किंवा प्रांताचं नाव जोडा. अशा जागा शहरात कमी, आडगावी जास्त. जमीन स्वस्त आणि हटकणारं कोणी नाही, हे त्याचं साधं कारण.

२. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा वापरा. त्यावर स्वयंसेवकांनी कलाकृती वेगळ्या नोंदवलेल्या असतात. ओव्हरपास टर्बो या साइटवर आपल्याला हवा तो भाग पडद्यावर आणायचा, 'विझार्ड' (Wizard) हे बटण दाबायचं, इंग्रजीत tourism=artwork असं टाकायचं आणि चालवायचं. ठिपके पडतात. एकटा ठिपका म्हणजे बहुधा चौकातला पुतळा. एका जागी पंधरा-वीस ठिपक्यांचा झुबका दिसला तर तिथं बाग, कॅम्पस किंवा रंगवलेली गल्ली आहे. नकाशा फार मोठा धरला तर साइट अडकते, एका वेळी एका तालुक्याएवढाच भाग घ्या.

३. अ‍ॅटलस ऑब्स्क्युरासारख्या, अनोख्या जागा नोंदवणाऱ्या साइटवर नाव मिळेल, पण तिथली वेळ आणि पत्ता अंतिम मानू नका. नाव तिथून घ्या, बाकी सगळं जागेच्या स्वतःच्या पानावरून.

४. तारखा हलवता येत असतील तर 'उघडी घरं' किंवा 'उघडे स्टुडिओ' यांचे दिवस बघा. युरोपात सप्टेंबरमध्ये वारसा दिवस असतात, तेव्हा एरवी बंद असलेली घरं आणि कचेऱ्याही उघडतात.

सापडलेलं सगळं फोनच्या नकाशात वेगळ्या यादीत साठवा. प्रत्येक खुणेच्या टिपेत चारच गोष्टी लिहायच्या: बंद असण्याचा वार, शेवटचा प्रवेश, बुकिंग लागतं का, परतीची शेवटची गाडी. ही टीप न लिहिता नुसत्या खुणा टाकत गेलं तर प्रवासात चाळीस तारे दिसतात आणि एकाचाही अर्थ लागत नाही.

तिसरी पायरी: खात्री करणं

नवखे लोक सगळ्यात जास्त इथंच फसतात. जागा शोधणं मजेचं, वेळा तपासणं कंटाळवाणं, म्हणून ते राहून जातं.

आठवड्याची सुट्टी आधी बघा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं. जपानमध्ये सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर अनेक संग्रहालयं सोमवारी उघडी राहून मंगळवारी बंद होतात. म्हणजे नुसता वार बघून भागत नाही, तारीख बघावी लागते.

मग हंगाम. इटलीतल्या कापाल्बियोजवळ शिल्पकार निकी द सँ फालनं घडवलेली टॅरो बाग (टॅरो पत्त्यांवरच्या आकृत्यांची शिल्पबाग) १९९८ मध्ये खुली झाली. ती मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडी असते, आणि उघडते तीही दुपारी. सकाळी नऊला तिथं पोचणारा माणूस फाटकाबाहेर ऊन खात बसतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतलं 'लाइटनिंग फील्ड' याहून कडक. वॉल्टर डी मारिया या कलाकारानं १९७७ मध्ये माळावर स्टीलचे ४०० खांब रोवले. ते बघायचे तर तिथल्या लाकडी घरात रात्र काढावीच लागते, एका वेळी जास्तीत जास्त सहा जणांना, तेही मे ते ऑक्टोबर. ते सांभाळणाऱ्या संस्थेची गाडी सोडते आणि दुसऱ्या दिवशी न्यायला येते. जेवण आधीच ठेवलेलं असतं, आपण गरम करून खायचं.

तिसरी तपासणी: कलाकृती अजून आहे का? जपानच्या नाओशिमा बेटावरच्या धक्क्यावरचं, यायोई कुसामा या कलाकर्तीचं पिवळ्या भोपळ्याचं शिल्प ऑगस्ट २०२१ मध्ये वादळात समुद्रात गेलं, आणि नव्यानं बसलं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या वर्षभरात जुने फोटो बघून गेलेल्यांना रिकामा धक्का दिसला. म्हणून नकाशावरचे फोटो 'नवीन आधी' असे लावून गेल्या दोन महिन्यांतला किमान एक फोटो शोधा. परांची बांधलेली आहे का, भित्तिचित्रावर रंग फासलाय का, हे त्यातच दिसतं. रस्त्यावरच्या भित्तिचित्रांचं आयुष्य तर दोन-चार वर्षांचंच धरून चाला.

शेवटी उजेड. जर्मनीतल्या नॉइसजवळच्या इन्सेल होम्ब्रॉइखमध्ये कुरणात विखुरलेले मंडप आहेत, आत ना कृत्रिम दिवे, ना चित्राखाली नावाची पट्टी. हिवाळ्यात ढगाळ दिवशी चार वाजता तिथं गेलात तर चित्रं अंधारात बघावी लागतील. तिथल्या साध्या उपाहारगृहातलं खाणं मात्र तिकिटातच येतं, तेव्हा त्या दिवशी वेगळं टेबल शोधायची कटकट नाही.

चौथी पायरी: रेस्टॉरंट

भिंतीवर चित्रं आहेत म्हणून रेस्टॉरंट लक्षात राहत नाही. सजावटकारानं एका दिवसात टांगलेली चित्रं आणि पन्नास वर्षांत जमत गेलेली चित्रं यांत फरक असतो, आणि तो दारातूनच कळतो. ओळखायच्या खुणा अशा: चित्रांचे आकार आणि चौकटी एकमेकांना मॅच होत नाहीत, वाढणाऱ्याला विचारलं तर तो निदान एका चित्राची गोष्ट सांगतो, दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतही तेच चित्र तिथंच दिसतं. सोफ्याच्या रंगाला जुळणारी चित्रं असतील तर जेवण चांगलं असू शकेल, पण कलेसाठी वाट वाकडी करू नका.

मोठ्या पैशाची सजावट आणि कला यांचं नेहमी जमतंच असंही नाही. न्यूयॉर्कच्या 'फोर सीझन्स' रेस्टॉरंटसाठी चित्रकार मार्क रॉथकोला १९५८ मध्ये भित्तिचित्रांचं काम मिळालं होतं. त्यानं चित्रं काढली, नंतर तिथं एकदा जेवून आला आणि करारच मोडला. त्यातली काही चित्रं आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.

जमलेल्या कलेचं उदाहरण म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या सँ-पॉल-द-व्हाँसचं 'ला कोलोंब दोर' हे हॉटेल आणि रेस्टॉरंट. तिथं चित्रकार फेर्नां लेजेचं भिंतीतलं काम अंगणात आणि शिल्पकार काल्डरचं हलतं शिल्प पोहण्याच्या तलावाजवळ आहे. पण ते संग्रहालय नाही. जेवणाऱ्या किंवा मुक्कामी पाहुण्यांनाच ते बघायला मिळतं. 'नुसतं बघून जातो' म्हणणाऱ्याला नकार मिळतो, आणि तो रास्तच आहे. झुरिकच्या 'क्रोनेनहाले' रेस्टॉरंटमध्ये मिरो आणि शागाल या चित्रकारांची चित्रं टेबलांच्या डोक्यावर टांगलेली आहेत. तिथं पूर्ण जेवण खिशाला झेपत नसेल तर बाजूचा १९६५ चा बार आहे, आणि त्यातले दिवे शिल्पकार दिएगो जाकोमेत्तीनं केलेले आहेत. ही युक्ती सगळीकडे चालते: महागड्या जागी रात्रीचं जेवण न घेता दुपारचं घ्या, किंवा बारमध्ये, कॅफेत एक पेय घ्या. भिंती त्याच.

संग्रहालयाच्या आतली उपाहारगृहं 'सोय' म्हणून टाळू नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १८६० च्या दशकात केलेली खाण्यापिण्याची तीन दालनं आहेत, त्यातलं हिरवं दालन विल्यम मॉरिस या डिझायनरच्या कंपनीचं. संग्रहालयात खास बांधलेलं जगातलं पहिलं उपाहारगृह म्हणून त्यांची नोंद होते, आणि आजही ट्रे घेऊन तिथं बसता येतं.

भिंतींवर कला नसलेल्या, फक्त जेवणासाठी लक्षात राहणाऱ्या जागा शोधताना रिव्ह्यू असे वाचा. पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा. तीन ताऱ्यांवाले लोक नेमकं बोलतात. 'नवीन आधी' लावा, कारण आचारी बदलला की जुने शंभर रिव्ह्यू कुचकामी. तिथल्या भाषेतले रिव्ह्यू भाषांतर करून वाचा. एकच तक्रार तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल तर ती खरी धरा. फोटो जेवणाऱ्यांनी काढलेले बघा, मालकाचे नकोत. मेन्यूकार्डाचा फोटो सापडला तर पदार्थ मोजा: बारा टेबलांच्या जागेत ऐंशी पदार्थ असतील तर ते सगळे ताजे होणं शक्यच नाही.

आणि सगळ्यात खात्रीचा मार्ग: कलेच्या जागी तिकीट फाडणाऱ्याला किंवा दालनात बसलेल्या रखवालदाराला विचारा. 'चांगलं रेस्टॉरंट कुठलं' विचारलंत तर तो पर्यटकांसाठीचं ठरलेलं नाव सांगेल. 'तुमची जेवणाची सुट्टी झाली की तुम्ही कुठं जाता' असं विचारा.

बुकिंगचा निरोप छोटा आणि पूर्ण असावा. हा नमुना भाषांतर करून पाठवता येईल:

'नमस्कार. गुरुवार, १२ तारखेला दुपारी १२.३० ला चार जणांसाठी टेबल हवं आहे. शक्य असेल तर जुन्या चित्रांच्या दालनात, भिंतीलगत. एक जण मांस, मासे आणि त्यांचा स्टॉकही खात नाही. फोन नंबर देशाच्या कोडसकट खाली दिला आहे. कृपया उत्तर द्यावं.'

दालन नीट सांगा, नाहीतर परदेशी पाहुणा म्हणून हमखास अंगणातलं टेबल मिळतं आणि चित्रं आत राहतात. 'शाकाहारी' एवढाच शब्द पुरत नाही, काय चालत नाही ते मोजून लिहा. वेळ शक्यतो उघडण्याची घ्या: दालन रिकामं असतं, चित्रांजवळ जाता येतं, वाढणाऱ्याला बोलायला सवड असते. बंद होण्याची वेळ आणि स्वयंपाकघर बंद होण्याची वेळ वेगळी असते. दहाला बंद होणाऱ्या ठिकाणी शेवटची ऑर्डर नऊलाही संपलेली असू शकते.

पाचवी पायरी: दिवस लावणं

नियम एकच: आधी ज्याची वेळ हलत नाही ते ठरवा. बोट किंवा बस, मग वेळेचं तिकीट, मग टेबल, आणि उरलेल्यात फिरणं. उलटं केलंत की सगळं घसरतं.

नाओशिमाचंच घ्या. ऊनो बंदरातून मियानोउरा धक्क्यापर्यंत फेरीबोटीला साधारण २० मिनिटं, ताकामात्सूहून सुमारे ५०. चिचू संग्रहालयाला वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढावं लागतं. वास्तुविशारद तादाओ आंदोनं बांधलेली ही २००४ ची इमारत जवळजवळ पूर्ण जमिनीखाली आहे, पण फ्रेंच चित्रकार मोनेची कमळांची चित्रं आत नैसर्गिक उजेडात दिसतात. दालनात शिरताना चपला काढायच्या आणि फोटो काढायचे नाहीत. तेव्हा सकाळची बोट, साडेदहा-अकराचं तिकीट, बेटावर बस आणि पायी मिळून जाण्यायेण्याला किमान एक तास राखीव. जेवण बाराच्या आत किंवा तिथल्या तिथं. बेटावर खाण्याच्या जागा मोजक्या आणि दुपारी त्यातल्या अनेक बंद होतात. भोपळा शेवटी, परतीच्या वाटेवर. सोमवार टाळायचा. आणि शेवटच्या बोटीवर भरवसा न ठेवता तिच्या आधीची धरायची.

जागा किती ठेवायच्या? दिवसाला एक मोठी आणि एक छोटी. ब्राझीलमधल्या इन्योतीम या कलाबागेसारख्या ठिकाणी तर एक मोठीसुद्धा दिवसात संपत नाही; झाडीत विखुरलेल्या दालनांमध्ये चालण्यातच निम्मा वेळ जातो.

आत गेल्यावर

छोट्या घरांमध्ये पाठीवरची पिशवी सगळ्यात आधी अडते, म्हणून सामान स्टेशनवर ठेवून जा. फ्लॅश आणि तिपाई बहुतेक ठिकाणी नकोच. मोझाइकला हात लावू नका. कपबशांचे तुकडे वर्षानुवर्षांच्या बोटांनी सुटतात.

पहिली फेरी फोन खिशात ठेवून मारा, आणि मग तिथल्या माणसाला विचारा, 'इथं लोकांच्या नजरेतून सुटतं असं काय आहे?' सोन यांच्या घरात चित्रांची एक खोली आहे, आकारानं अगदी बेताची. भिंतींवर चौकटींची गर्दी दिसते आणि लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. खरं तर त्या भिंती म्हणजे बिजागऱ्यांवरच्या फळ्या आहेत. कर्मचारी त्या कपाटाच्या दारासारख्या उघडतात, मागे होगार्थ या इंग्रज चित्रकाराची चित्रमालिका असते, आणि एका बाजूला दुसरी फळी उघडली की खालच्या मजल्यापर्यंत नजर जाते. फळ्या केव्हा उघडणार हे दारातच विचारून ठेवा.

जागा खाजगी घर असेल आणि माणसं अजून तिथं राहत असतील, तर कुंपणाबाहेरून बघा आणि बेल वाजवू नका, जोवर पाटीवर तसं लिहिलेलं नाही. दानपेटीसाठी सुटे पैसे जवळ असू द्या, तिथं कार्ड चालत नाही.

आणि फाटक बंदच निघालं तर? कुंपणाला फेरी मारा; एकहाती बांधलेल्या कामांचा बराच भाग रस्त्यावरून दिसतो. मग गावातली स्मशानभूमी बघा. शेव्हालला आपल्या महालात पुरून घ्यायचं होतं, परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यानं पुढची आठ वर्षं घालवून ओतरीवच्या स्मशानभूमीत स्वतःची समाधी त्याच शैलीत बांधली. १९२२ मध्ये ती पुरी झाली आणि दोन वर्षांनी तो वारल्यावर त्याला तिथंच पुरलं. ती बघायला तिकीट लागत नाही.